कृषिपदवीधर आणि हळदीची पेठ

कृषिविद्येची पदवी घेतलेल्या तरुणास सरकारी जागेवांचून दुसरी वाट नाहीं, ही समजूत आखाडा बाळापुरासारख्या गांवांत तरी टिकूं नये, असें आम्हांस वाटतें. परभणीचें कृषि विद्यापीठ १९७२ सालीं स्थापन झालें. कृषि विज्ञान केंद्र याच कळमनुरी तालुक्यांत तोंडापूर येथें आहे. आणि शेजारच्या वसमतच्या हळदीस २०२४ सालीं भौगोलिक मानांकन मिळालें. विद्या जवळ, पीकहि जवळ; मग दोहोंची गांठ कां पडूं नये?

हळदीचें काम डोळसपणाचें आहे. निरोगी बेणें निवडून त्यावर प्रक्रिया करणें, कंदकुज वेळींच ओळखणें, काढलेली हळद शिजवून, वाळवून तिला पॉलिश करणें, यांतील एक पायरी चुकली तरी भाव उतरतो. हें ज्ञान पदवीधरापाशीं आहे व शेतकऱ्यास तें हवें आहे. परंतु त्याचा मोबदला देण्याची रीत अद्याप नीट पडलेली नाहीं.

केंद्र सरकारनें २००२ सालीं कृषि-चिकित्सालयांची योजना काढून पदवीधरांसाठीं विनामूल्य शिक्षणाची व पुढें कर्जावरील अनुदानाचीहि तरतूद केली. तथापि सरकार कर्ज मिळवून देईल. गिऱ्हाईक पेठेनेंच दिलें पाहिजे. हळदीच्या अडत्यांनीं व खतें-बियाण्यांच्या दुकानदारांनीं मिळून कां होईना, एखादा पदवीधर पगारावर ठेवावा. शेतकऱ्यांनीं माती-परीक्षणाचे व सल्ल्याचे पैसे आनंदानें मोजावे. पदवीधर बंधुभगिनींनींहि बांधावर उतरण्याचा संकोच सोडावा. माणसांच्या वैद्यास आपण फी देतों. मग पिकांच्या वैद्यानेंच फुकट कां राबावें?