टॅलाचं पाणी, क्लाइडचा वारा

एडिनबर्गच्या नळाला येणारं बरंचसं पाणी दक्षिण स्कॉटलंडमधल्या ट्वीड्सम्युअरच्या डोंगरांतलं आहे. तिथलं टॅला धरण पूर्ण झालं १९०५ मध्ये. भिंत मातीची, पोटात चिकणमातीचा गाभा. सामान आणायला खास रेल्वेमार्ग टाकावा लागला. मला थक्क करतं ते हे, की पाणी शहराकडे गेलं निव्वळ उताराने! शेजारच्या खोऱ्यातलं मेगेट धरण १९८३ चं. जुन्या क्रॅमल्ट बुरुजाची जागा त्याच्या पाण्याखाली गेली. पश्चिमेच्या माथ्यांवर क्लाइड पवनऊर्जा प्रकल्प: २०६ पवनचक्क्या, सुमारे ५२२ मेगावॅट. ऊन पडलं की पात्यांची लांब सावली गवतावरून सरकत जाते. वस्ती मात्र अगदी तुरळक, मेंढ्याच जास्त.