परदेशवास आणि बालकाची मराठी

सिडको या संस्थेची स्थापना १९७० साली झाली आणि ठाणे खाडीच्या पूर्वेस नवी मुंबई हे नगर योजनापूर्वक वसविण्यात आले. आगरी-कोळी गावांच्या भूमीवर उभ्या राहिलेल्या या नगरात पुढे ऐरोली, महापे यांसारख्या ठिकाणी संगणक-व्यवसायाची केंद्रे निघाली. त्या व्यवसायातील कित्येक तरुण कुटुंबे काही वर्षांच्या कामगिरीवर परदेशी जातात आणि अनेकदा त्यांच्यासोबत दोन ते सहा वर्षांचे एखादे मूल असते. पासपोर्ट, व्हिसा, लसी आणि शाळाप्रवेश यांची चिंता घरात पुष्कळ आधीपासून वाहिली जाते. मुलाच्या भाषेचे काय होणार, हा प्रश्न मात्र बहुधा परतल्यावर सुचतो. भाषाशास्त्राच्या दृष्टीने या प्रश्नाचे स्वरूप काय आहे, याचे विवेचन येथे करावयाचे आहे.

या बाबतीत दोन समजुती सर्वत्र आढळतात. एकदा बोलू लागलेले मूल आपली भाषा विसरत नाही, ही पहिली. आणि दोन भाषा एकदम कानांवर पडल्या तर मूल गोंधळते, ही दुसरी. या दोन्ही समजुती निरीक्षणाच्या कसोटीस उतरत नाहीत.

पहिलीच्या संदर्भात रॉबिन्स बर्लिंग या अमेरिकन मानवशास्त्रज्ञाने १९५९ साली प्रसिद्ध केलेला वृत्तान्त उद्‌बोधक आहे. १९५४ च्या ऑक्टोबरात तो सहकुटुंब गारो टेकड्यांत राहावयास आला, तेव्हा त्याचा मुलगा स्टीफन सोळा महिन्यांचा होता. घरातील गारो माणसांच्या सहवासात, आणि विशेषतः आई आजारपणामुळे दूर असताना, गारो ही मुलाची प्रमुख भाषा बनली. दोन वर्षांनी कुटुंब परत निघाले. वाटेत भेटणाऱ्या इतर भारतीयांना आपली भाषा कळत नाही, हे मुलाच्या ध्यानात आले होते. परतीच्या विमानप्रवासात मात्र शेजारी बसलेला एक मलायी तरुण त्याला चेहऱ्यावरून गारो वाटला आणि कित्येक आठवडे कोंडलेले बोलणे एकदम बाहेर पडले. त्यानंतर तो गारोत एक-दोन वाक्यांपलीकडे कधी बोलला नाही. सहा महिन्यांच्या आत शरीराच्या अवयवांची साधी नावेही त्याला आठवेनाशी झाली. या मुलाची बुद्धी किंवा वाचा यांत काहीही उणे नव्हते. उणा पडला तो श्रोता.

दुसरा दाखला वेर्नर लेओपोल्ड याच्या चार खंडांच्या ग्रंथातील (१९३९–४९). अमेरिकेत वाढणाऱ्या हिल्डेगार्ड या आपल्या कन्येशी तो जर्मनमध्ये बोले. आई इंग्रजीत बोले. अर्थातच मुलीची इंग्रजी प्रबळ झाली. पाचव्या वर्षी ती काही महिने जर्मनीत राहिली, तेव्हा चारच आठवड्यांत जर्मन अस्खलित झाली आणि इंग्रजी साध्या वाक्यांपुरती उरली. परतल्यावर हाच क्रम उलट घडला. बालकाच्या ठिकाणी भाषांचा तोल किती त्वरेने पालटतो आणि मागे पडलेली भाषा, तिचा सहवास समूळ तुटला नसेल तर, किती त्वरेने पुढे येते, हे दोन्ही यावरून दिसते. दोन भाषांमुळे हिल्डेगार्डची वाढ खुंटली नाही. मिश्र वाक्ये आली आणि कालांतराने ओसरली. मिश्रण ही द्वैभाषिक बालपणाची एक स्वाभाविक अवस्था होय.

सहवास पूर्णपणे तुटला तर काय होते, याचा अभ्यास २००३ साली क्रिस्तोफ पालिए व त्याच्या सहकाऱ्यांनी केला. तीन ते आठ या वयात फ्रेंच कुटुंबांत दत्तक गेलेल्या कोरियन व्यक्तींना प्रौढपणी कोरियन वाक्ये इतर अपरिचित भाषांतील वाक्यांपासून वेगळी ओळखता आली नाहीत. तथापि नेदरलंड्‌समधील अशाच व्यक्तींविषयीच्या २०१७ च्या संशोधनात त्यांना कोरियन ध्वनी नव्याने शिकणे इतरांपेक्षा सोपे गेले, असे आढळले. म्हणजे भाषा लोपली तरी तिचा काही सूक्ष्म ठसा उरतो. परंतु त्या ठशाच्या बळावर आजीशी बोलता येत नाही.

मराठीपुरते पाहता, परदेशात इंग्रजी प्रबळ झालेल्या मुलाच्या बोलण्यात कोठे झीज होण्याचा संभव अधिक, हे तिच्या घडणीवरून सांगता येते. जे भेद इंग्रजीत नाहीत, ते प्रथम डळमळतात. ‘घरात’, ‘झाडावर’ यांतील सामान्यरूप. ‘त्याने पोळी खाल्ली’ यातील कर्माशी जुळणारे क्रियापद, ज्याच्या जागी ‘तो पोळी खाल्ला’ असे ऐकू येऊ शकते. नामांची तीन लिंगे. ‘आपण जाऊ’ आणि ‘आम्ही जातो’ यांतील श्रोत्याला सामावून घेणारा व वगळणारा भेद. ‘ळ’ आणि ‘ण’ हे उच्चार. याहून महत्त्वाची गोष्ट म्हणजे ‘तू’ आणि ‘तुम्ही’ यांतील निवड, आणि काका, मामा, आत्या, मावशी ही नाती. यांचा ऱ्हास व्याकरणापुरता राहत नाही. आत्या आणि मावशी यांना एकाच शब्दाने हाक मारणाऱ्या मुलाच्या मनात आईचे माहेर व वडिलांचे घर यांची रेखाही पुसट होते.

यावर उपाय कोणता? ज्यूल रोंजा याने, १९१३ साली प्रसिद्ध केलेल्या वृत्तान्तानुसार, आपल्या मुलाच्या संगोपनात ‘एक व्यक्ती, एक भाषा’ हे तत्त्व पाळले. ते त्याला ग्रामों या ध्वनिशास्त्रज्ञाने सुचविले होते. आईवडील दोघेही मराठीभाषी असतील, तर याहून सोयीचा मार्ग म्हणजे घरात मराठी व बाहेर तेथील भाषा. नव्या शाळेच्या धास्तीने घरातही इंग्रजी आणणारे पालक मुलापासून त्याचे उरलेसुरले श्रोतेही काढून घेतात. शाळेची भाषा मूल शाळेतच शिकते. मुलाने इंग्रजीत उत्तर दिले तरी रागे न भरता संभाषण मराठीतच पुढे न्यावे. मुलाला समजते पण बोलता येत नाही, ही अवस्था नेमकी येथेच सुरू होते. कारण ऐकण्याने आकलन टिकते, वाणी टिकण्यास बोलण्याची गरज लागते.

ही गरज एकटे कुटुंब फार काळ पुरवू शकत नाही. तंजावरात सतराव्या शतकात गेलेल्या मराठी घराण्यांनी आपली बोली पिढ्यान्‌पिढ्या सांभाळली. १९४८ नंतर इस्रायलला गेलेल्या बेने इस्रायलांनी तेथे मराठी नियतकालिक चालविले. या दोन्ही ठिकाणी बोलणाऱ्यांचा समाज होता. उत्तर अमेरिकेत १९८१ साली स्थापन झालेल्या बृहन्महाराष्ट्र मंडळाशी निगडित मराठी शाळांचे महत्त्व याच दृष्टीने जाणावे. तेथे वर्णमालेइतकाच, किंबहुना तिच्याहून अधिक, उपयोग होतो तो मराठी बोलणाऱ्या दुसऱ्या मुलाचा. नेरूळ-वाशीहून काही महिन्यांसाठी येणारे आजी-आजोबा हाही असाच आधार. इंग्रजी संभाषणाची सवय नसलेली आजी मुलाच्या मराठीची सर्वांत समर्थ शिक्षिका ठरते, कारण तिच्याशी दुसऱ्या भाषेत निभावत नाही.

परतल्यावर हाच नियम उलट लागू होतो. वर्षानुवर्षे इंग्रजीत रमलेल्या मुलाचे मराठी ऐकून सोसायटीतील सवंगडी हसले, तर ते गप्प होते आणि पालक त्याला हट्टी समजतात. स्टीफनचे मौन ज्यांनी ध्यानात घेतले आहे, त्यांना या मौनाचा अर्थ कळावा. मुलाजवळ भाषा असते, ती बोलावी असे माणूस मात्र त्याला भेटावे लागते.