चकाकी नको, वजन पाहा!
दुबईच्या बोट प्रदर्शनात तीन मित्र

आमचा धंदा कापडाचा. भिवंडीत ग्रे कापड घ्यायचे, प्रोसेस करून घ्यायचे आणि गावोगावच्या दुकानदारांना पुरवायचे, यात आमची तीस वर्षे गेली. बोटीत आम्ही बसलो ते फक्त प्रवासी म्हणून. तेव्हा या पानावर आम्ही बोटींविषयी काय लिहिणार, असा प्रश्न वाचकांना पडेल. पण एका मित्राची आयुष्यभराची कमाई बोटीत जाणार होती आणि त्यात आमचाही हिस्सा होता. त्या निमित्ताने जे पाहिले, जे शिकलो आणि जिथे चुकलो, ते व्यापारी बांधवांसमोर मांडावे असे वाटले.

आमचे हे मित्र दापोली तालुक्यातील हर्णै भागातले. सव्वीस वर्षे त्यांनी शारजात नोकरी केली. नोकरी संपली, ग्रॅच्युइटी हाती आली. गावी परतून पर्यटकांसाठी बोट चालवायची, सुवर्णदुर्ग आणि डॉल्फिन दाखवायचे, असा त्यांचा बेत होता. दोन हिस्से त्यांचे, एक आमचा, असे तोंडी ठरले होते. २०२४ साली दुबईच्या बोट प्रदर्शनाच्या दिवसांत आम्ही कापडाच्या कामासाठी मीना बाजारात होतो. त्यांनी फोन केला, "भाई, उद्या प्रदर्शनाला चला. बोट पसंत करून टाकू." सोबत भिवंडीचे आमचे तिसरे मित्र होते. यंत्रमागांच्या कारखान्यांतील डिझेल जनरेटर दुरुस्त करण्यात त्यांचे केस पांढरे झाले. सगळे त्यांना मिस्त्री म्हणतात, आम्हीही तेच म्हणू.

पाण्यावरचा बाजार

हे प्रदर्शन १९९२ पासून भरते. २०२४ चे भरले ते दुबई हार्बर येथे. तिथे बोटी मंडपात नसतात, पाण्यात उभ्या असतात. तरंगत्या धक्क्यांवरून चालत जायचे आणि चढून पाहायचे. मोठ्या यॉट पाहून माणूस बोलायचे विसरतो. संयुक्त अरब अमिरातीतच बांधलेल्या ५४ मीटर लांबीच्या यॉटही या देशाने जगाला विकल्या आहेत. आमचे काम मात्र तीस फुटांच्या आसपासच्या बोटींशी होते. त्या दिवशी आम्ही अशा तीन बोटी नीट पाहिल्या.

पहिली पांढरीशुभ्र, बत्तीस फुटांची. मागे दीडशे अश्वशक्तीची दोन पेट्रोल आउटबोर्ड मशीन, पुढे गाद्या, मध्ये स्टीलची चकचकीत कठडी. तिचा तळ इंग्रजी व्ही अक्षरासारखा खोल होता. असा तळ लाट कापत जातो, म्हणून उसळत्या पाण्यातही वेगात धक्के कमी बसतात. दुसरी कॅटामरान, म्हणजे दोन अरुंद तळ आणि त्यांवर एक सपाट मजला. ती कमी डुलते आणि बसायला जागा भरपूर देते. तिसरी उघडी, साधी, कामाची बोट. तळ बराचसा सपाट आणि मध्ये एकच डिझेल इंजिन. तिच्याजवळ कोणी फोटो काढत नव्हते.

आमच्या हर्णैच्या मित्रांनी पहिलीच्या गादीवर बूड टेकले आणि उठायला तयार होईनात. विकणारा तरुण अदबीने म्हणाला की प्रदर्शनाचा भाव प्रदर्शनापुरताच असतो, आज इसार दिला तर सवलत. मित्रांचा हात खिशाकडे गेला. ती बोट घेतली असती तर त्यांच्या जमा रकमेतील पाऊण हिस्सा तिथेच संपला असता.

आम्हाला १९९८ साल आठवले. एका प्रदर्शनात आम्ही शर्टिंगचा नमुना पाहून मोठा लॉट पसंत केला होता. नमुना भरगच्च, हाताला मऊ. माल आला तो हलका. आम्ही ना वजन लिहून घेतले होते, ना धाग्याची मोजणी. दोष त्या व्यापाऱ्याचा होताच, पण सही आमची होती. तो लॉट संपवायला दोन वर्षे लागली. म्हणून आम्ही मित्रांना म्हणालो, "इसार उद्या. आज आधी चहा." मित्र रागावले. म्हणाले, "कपड्याच्या माणसाला बोटीत काय कळते?"

बोट म्हणजे कापडच

खरे तर प्रश्न रास्त होता. पण सुट्या सामानाच्या दालनात एका ठेल्यावर आम्ही थबकलो. तिथे कापडाचे रोल ठेवले होते! पांढरे, चमकदार, काचेच्या धाग्याचे. फायबरची बोट म्हणजे हेच. आधी साच्याला आतून मेण, मग बाहेरच्या चकाकीचा पातळ थर, त्याला जेलकोट म्हणतात. त्यावर काचेच्या कापडाचे थर एकामागून एक अंथरून रेझिनने भिजवतात. सुकले की साच्यातून बोट बाहेर.

या कापडाचे मुख्य दोन प्रकार. एक मॅट: त्यात तुटक धागे नमद्यासारखे दाबलेले असतात. दुसरे विणलेले, जाड गोणपाटासारखे, त्याला वोव्हन रोव्हिंग म्हणतात. मॅट थरांना एकमेकांशी घट्ट धरते, विणलेले कापड ताकद देते. म्हणून दोन्ही आलटून पालटून घालतात. आणि विकले जाते कसे? जीएसएमवर! ३००, ४५०, ६०० ग्रॅम प्रति चौरस मीटर. ही भाषा आम्ही रोज बोलतो. ज्या चकाकीवर मित्र भाळले होते ती मिलिमीटरपेक्षाही पातळ. बोटीची जान त्या खाली दडलेल्या ताग्यांत.

ठेल्यावरच्या माणसाने आणखी सांगितले. थर अंथरताना रुळाने हवा काढावी लागते. बुडबुडा राहिला तर ती जागा कमजोर. रेझिन कमी पडले तर कापड कोरडे राहते, जास्त झाले तर बोट जड आणि ठिसूळ होते. मजला आणि मागची भिंत यांच्या पोटात प्लायवूड असेल तर स्क्रूच्या भोकातून पाणी शिरून ते आतल्या आत कुजते. म्हणून बोटीवर बोटाच्या पेराने ठोकत जावे. ठण् आवाज आला तर ठीक, बद्द आला तर विचारा.

आम्ही परत गेलो आणि तिन्ही बोटी ठोकून पाहिल्या. न्यायाने सांगायचे तर पांढरी बोट उत्तम बांधलेली होती. तिच्यात खोट नव्हती. खोट आमच्या बेतात होती.

पाच प्रश्न

चहाच्या पावतीमागे आम्ही पाच प्रश्न लिहिले आणि तिन्ही बोटींना तेच विचारले.

पाणी किती खोल? मुरुड, कर्दे, हर्णै या बाजूला किनारा उथळ वाळूचा. पर्यटक गुडघाभर पाण्यातून चालत येऊन बोटीत चढतात. खोल तळाची बोट तिथे वाळूत बसेल आणि ओहोटीला कलंडेल. सपाट तळाची बोट काठापर्यंत येते. मोठ्या लाटेवर ती आपटते हे खरे, पण मोठ्या लाटेच्या दिवशी प्रवासी घ्यायचेच नाहीत.

तासाला इंधन किती? हा हिशेब मिस्त्रींचा. दीडशे अश्वशक्तीची दोन पेट्रोल मशीन पूर्ण जोरात चालवली तर तासाला शंभर लिटरहून जास्त. सांभाळून चालवली तरी साठच्या आसपास. महाराष्ट्रात पेट्रोल तेव्हा लिटरला शंभर रुपयांच्या वर होते, म्हणजे तासाला सहा ते दहा हजार रुपये पाण्यात. साठ अश्वशक्तीचे डिझेल इंजिन पूर्ण जोरात बारा-तेरा लिटर घेते, म्हणजे बाराशे रुपयांच्या आसपास. वेग मात्र पाव. मिस्त्री म्हणाले, "डॉल्फिन बघायला आलेला माणूस घाईत नसतो."

दुरुस्ती कोण करणार? आउटबोर्ड मशीन चांगले, पण त्याचा संगणक बिघडला तर तपासणारा माणूस शहरातून बोलवावा लागेल. डिझेल इंजिन हर्णैच्या बंदरात कोणीही खोलतो, कारण मासेमारीच्या बोटी त्यावरच चालतात.

वर्षात किती दिवस धंदा? पावसाळ्यात बोट काठावर ओढावी लागते. उरलेल्या आठ-नऊ महिन्यांत गर्दी शनिवार, रविवार आणि सुट्ट्यांची. मित्रांनी स्वतःच बोटांवर मोजले, भरल्या बोटीचे दिवस शंभर-सव्वाशे. पैसा मात्र ३६५ दिवस अडकलेला.

कागद कोणते? हा प्रश्न व्यापाऱ्याने सर्वांत आधी विचारावा, आम्ही शेवटी विचारला. कापडात जसा एचएसएन कोड, तसा बोटीतही. मौजेच्या यॉट व स्पीडबोटी ८९०३ मध्ये येतात. त्यांवर तेव्हा जीएसटी २८ टक्के होता आणि २२ सप्टेंबर २०२५ पासून तो ४० टक्के झाला. प्रवासी फेरीच्या बोटी ८९०१ मध्ये आणि मासेमारीच्या ८९०२ मध्ये, त्यांवर ५ टक्के. परदेशातून आणली तर सीमाशुल्क वेगळे. शिवाय बोटीची पाहणी, नोंदणी, प्रवासी परवाना आणि तांडेलाचे प्रमाणपत्र, यांतील एकही अडले तर सगळी बोट अडते.

मित्र बराच वेळ पावतीकडे पाहत राहिले. कॅटामरानचा विचार झाला. जागा आणि स्थैर्य यांत ती सरस होती, पण दोन तळ म्हणजे दोन इंजिने, आणि किंमतही आवाक्याबाहेर. तिसऱ्या बोटीविषयी ते फक्त एवढेच म्हणाले, "सव्वीस वर्षे परदेशात काढून गावी ही न्यायची?" या वाक्यावर आमच्याकडे उत्तर नव्हते. माणूस बोट फक्त कमाईसाठी घेत नाही, गावाने पाहावी म्हणूनही घेतो. हे व्यापाऱ्यानेही समजून घ्यावे.

एका दिरहमची बोट

संध्याकाळी देरा आणि बर दुबईच्या मधल्या खाडीवर आलो. तिथे अब्रा चालतात. लाकडी, नीच काठाच्या बोटी, मध्ये पाठीला पाठ लावून बसायची बाके, चालक इंजिनाजवळ. भाडे एक दिरहम. बोट भरली की निघते, पाच-सात मिनिटांत पलीकडे, की लगेच दुसरी भरती. गादी नाही, कठडी नाही. मिस्त्री इंजिनाचा आवाज ऐकत होते, आम्ही माणसे मोजत होतो, आणि हर्णैचे मित्र पाण्याकडे पाहत होते. उतरताना तेच म्हणाले, "दिवसभर पाहिलेल्या बोटींपैकी पैसे कमावताना दिसली ती हीच." इसार राहिला.

पुढे काय झाले

बोट शेवटी रत्नागिरी जिल्ह्यातील एका कारागिराकडे बांधून घेतली. अठ्ठावीस फूट, तळ मागे सपाट, नाळ जरा उंच, एकच डिझेल इंजिन. बांधणी सुरू झाली तेव्हा आम्ही काटा घेऊन गेलो. मॅटचा एक मीटर लांब, एक मीटर रुंद तुकडा कापून तोलला. ४५० सांगितले होते, ४५० च्या आसपास भरला. कारागीर हसून म्हणाला, "शेठ, आजवर कोणी कापड तोलले नव्हते." कोणता थर कधी घातला याची वही त्याने त्या दिवसापासून ठेवली.

२०२४ च्या दिवाळीनंतर बोट पाण्यात गेली. १८ डिसेंबर २०२४ रोजी मुंबईच्या समुद्रात घारापुरीकडे जाणाऱ्या 'नीलकमल' बोटीला नौदलाच्या स्पीडबोटीची धडक बसून अनेकांचे प्राण गेले. त्यानंतर प्रवासी स्वतःहून लाइफ जॅकेट मागू लागले. आमच्या मित्रांकडे पहिल्या दिवसापासून जितक्या जागा तितकी जॅकेटे आणि काही जास्त होती. लहान मुलांच्या मापाची मात्र नव्हती, ती धावपळ करून आणली. जुलै २०२५ मध्ये सुवर्णदुर्ग जागतिक वारसा यादीत गेला, त्यामुळे पुढच्या हंगामाची आशा वाढली.

सगळे गोड झाले असे नाही. इंजिनाच्या आवाजाची तक्रार येते. काही तरुण पर्यटक वेगवान बोट पाहिजे म्हणून दुसरीकडे जातात. पण पहिल्या हंगामाअखेर डिझेल, तांडेल आणि खलाशाचा पगार देऊन शिल्लक राहिली. फार नाही, पण राहिली, आणि मित्रांची निम्मी ग्रॅच्युइटी अजून बँकेत आहे.

एक गोष्ट मात्र साफ बिघडली. बोटीवरचे छत आमच्याकडून होते. कापडाचा व्यापारी मीच, म्हणून आम्ही मोठ्या तोऱ्यात निळे पॉलिस्टर कोटिंगचे कापड पाठवले. दुबईच्या प्रदर्शनात आम्ही सूत काढतानाच रंगवलेले ॲक्रिलिक कापड पाहिले होते, उन्हात टिकणारे. भाव ऐकून आम्हीच पुढे निघून गेलो होतो. आमचे कापड मे महिन्यापर्यंत विटले आणि शिवणीवर फाटले. मित्रांनी फाटका तुकडा पाकिटात घालून भिवंडीला पाठवला. सोबत चिठ्ठी होती, "भाई, जीएसएम तोलला, ऊन तोलायचे राहिले."

तो तुकडा आमच्या गादीशेजारी टेबलाच्या काचेखाली ठेवला आहे. नवे छत आम्ही पदरच्या पैशाने, त्याच ॲक्रिलिक कापडाचे दिले.