टॅब्लेट घेण्याजोगा आहे काय ?

आमच्या परिचयाचे कांहीं बागाईतदार आम्हांस हल्लीं असा प्रश्न करितात कीं, घरांत मोबाईल असतां टॅब्लेट नांवाचें हें पाटीएवढें यंत्र आणखी घ्यावें काय ? आमची हयात महसुली दप्तरांत गेली. सबब कागद वाचणाराच्या दृष्टीनेंच आम्ही याचा विचार करितों.

दोहोंचें अंतरंग बहुतेक एकच. मुख्य भेद पडद्याचा. पडद्याचें माप कोपऱ्यापासून समोरच्या कोपऱ्यापर्यंत धरितात. साडेसहा इंची मोबाईल उभा धरिला असतां रुंदी पावणेतीन इंचांच्या आंत भरते. दहा इंची टॅब्लेटची सुमारें सवापांच इंच होते. वाचनाचें सुखदुःख या रुंदीवर आहे.

गांव नमुना ७ मध्यें उजव्या बाजूस ' इतर अधिकार ' असतात. कुळ, बोजा व निर्बंध यांच्या नोंदी तेथें पाहावयाच्या. गतवर्षीं शेजारची एक एकर जमीन घेण्याचें आमच्या मनांत होतें. उतारा मोबाईलवर पाहिला; डावीकडील नांव व क्षेत्र बरोबर दिसलें, आणि दुसरे दिवशीं विसार देण्याचें आम्ही ठरविलें. सुदैवानें त्याच रात्रीं पुतण्याच्या टॅब्लेटवर तोच उतारा सबंध पाहण्यांत आला, तों उजवीकडे कर्जाचा बोजा ! उतारे लिहिण्यांत जन्म घालविलेल्यानें अशी चूक करावी, याची आम्हांस लाज वाटली. मोबाईल आडवा धरून अक्षर मोठें केलें असतें, तरी बोजा दिसलाच असता. परंतु चाळिशी लागलेला मनुष्य तितका खटाटोप करीत नाहीं, हेंच खरें.

आतां उणी बाजू. सन २०२१ पासून पिकाची नोंद शेतकऱ्यानें स्वतः शेतांत जाऊन मोबाईलवरून करावयाची आहे. तीस जागेची खूण लागते. पुष्कळ स्वस्त टॅब्लेटांत सिमची सोय नसते, व त्यांपैकीं कित्येकांत उपग्रहावरून जागा ओळखण्याचीही नसते. शिवाय भर उन्हांत पडदा नीट दिसत नाहीं. म्हणून शेतांत मोबाईलच खरा. दुसरें असें कीं, बॅटरीची शक्ति वर्षागणिक घटते, आणि कांहीं वर्षांनीं कारखानदार सुधारणा पाठविणें बंद करितो. तेव्हां ही वस्तु पिढीजात टिकणारी नव्हे. सुधारणा किती वर्षें मिळतील, हें दुकानांत प्रथम विचारावें.

सारांश, ज्याचे घरीं संगणक आहे, किंवा जो महिन्यांत एखादाच कागद पाहतो, त्यानें हा खर्च करूं नये. ज्यास उतारे, बाजारभाव व बँकेचे हिशेब नित्य पाहावे लागतात, आणि ज्याचीं मुलें त्यावर अभ्यास करितील, त्यानें सबंध घरास मिळून एक घ्यावा. मात्र जमिनीचा व्यवहार असेल, तर १५ रुपये शुल्क भरून डिजिटल स्वाक्षरीचा उतारा काढावा, तो छापून घ्यावा, आणि विसार देण्यापूर्वीं उजव्या कडेपर्यंत वाचावा. सुज्ञांस अधिक सांगणें नलगे.