नाव कुणी पळवलं?

माझा भाचा सांगलीत छोट्या व्यावसायिकांना वेबसाइट करून देतो. वेबसाइटला लागणारं नाव, म्हणजे डोमेन, तो हाताने नोंदवत बसत नाही. त्याचा प्रोग्राम नोंदणी कंपनीच्या संगणकाशी परस्पर बोलतो. या बोलण्याच्या सोयीला एपीआय म्हणतात. पोस्टातली खिडकी समजा ना! ठरलेला अर्ज आत सरकवायचा, ठरलेलं उत्तर बाहेर येतं.

एका रात्री उत्तर आलंच नाही. वाट पाहून प्रोग्रामने तोच अर्ज पुन्हा सरकवला. आता उत्तर आलं : हे नाव आधीच घेतलेलं आहे. भाच्याच्या पोटात गोळा आला. गिऱ्हाइकाची लोणच्याची लेबलं त्याच नावाने छापून झाली होती! घाबरून त्याने रात्रीच फोन करून नाव गेल्याचं सांगून टाकलं.

मंडळी, नाव कुणीच पळवलं नव्हतं. पहिल्या अर्जातच ते त्याला मिळालं होतं. पोहोच तेवढी वाटेत हरवली. अशा वेळी अर्ज पुन्हा टाकायचा नाही, आधी आपल्या खात्यातली नावं तपासायची. भाच्याने हे सकाळी केलं.

नोंदणी कंपन्या आणि नावांची मूळ वही ठेवणाऱ्या संस्था आपसात बहुतेक ठिकाणी ईपीपी नावाच्या भाषेत बोलतात. तिचं आजचं प्रमाण रूप २००९ मधलं. तिच्यात प्रत्येक उत्तराला चार आकडी क्रमांक असतो. १ ने सुरू झाला तर काम स्वीकारलं, २ ने सुरू झाला तर अडलं. २३०२ म्हणजे नाव आधीच नोंदलेलं, २१०४ म्हणजे पैशांची अडचण, २००५ म्हणजे अर्जातली एखादी गोष्ट ठरलेल्या नमुन्यात लिहिलेली नाही. १००१ मात्र फसवं आहे. अर्ज घेतला, पण काम अजून व्हायचंय. त्याला यश समजून लेबलं छापायला टाकू नयेत! खिडकीवरची कंपनी हे क्रमांक कित्येकदा आपल्या शब्दांत बदलून सांगते, म्हणून मूळ क्रमांकही नोंदवून ठेवावा.

‘नाव मोकळं आहे’ हे उत्तर म्हणजे आरक्षण नव्हे. विचारणं आणि घेणं यांच्यामधल्या क्षणात ते दुसरा कुणी घेऊ शकतो.

२०१४ पासून ‘.भारत’ ही देवनागरी शेवटाची नावं मिळू लागली. नोंदणीची यंत्रणा मात्र ती रोमन अक्षरांत रूपांतरित करूनच ठेवते. मराठी अक्षरं तशीच पाठवली तर अर्ज परत येण्याची शक्यता फार. नावाचा प्रत्येक तुकडा रूपांतरानंतर ६३ अक्षरांत बसावा लागतो, आणि मराठी नाव रूपांतरात चांगलंच लांबतं.

नूतनीकरणात मात्र शहाणपणा आधीच करून ठेवलाय. ईपीपीच्या अर्जात सध्याची मुदत कधी संपते ती तारीख लिहावी लागते. तोच अर्ज दुसऱ्यांदा गेला तर तारीख जुळत नाही आणि आणखी एक वर्ष चुकून विकत घेतलं जात नाही. नव्या नोंदणीचा अर्ज दुसऱ्यांदा गेला, तर भाच्यासारखी आपलीच आपल्याशी गाठ पडते.

लोणचंवाल्यांना सकाळी पुन्हा फोन करायला त्याला बराच धीर गोळा करावा लागला.