‘सेल्फ’चे भाऊबंद

‘सेल्फी’ हा ऑक्सफर्डच्या कोशकारांनी निवडलेला २०१३चा शब्द. त्याचा सापडलेला पहिला लेखी वापर २००२चा, ऑस्ट्रेलियातला. शब्दाला ‘ई’ची लाडिक शेपटी लावायची खोडही तिथलीच. ‘सेल्फिश’ मात्र धर्माच्या भांडणात जन्मला. १६४०च्या सुमारास प्रेस्बिटेरियन पंथीयांनी तो घडवला, अशी नोंद बिशप जॉन हॅकेट यांनी केली आहे. त्याच शतकात, माणूस पापपुण्यासाठी स्वतःचं मन तपासत असताना, ‘सेल्फ’पासून बनलेल्या जोडशब्दांचं पीक आलं.

या ‘सेल्फ’चं मूळ बहुतेक भाषाशास्त्रज्ञ ‘स्वे’ या इंडो-युरोपीय धातूपर्यंत नेतात. तो कुठेही लिहिलेला सापडत नाही. भगिनीभाषांतल्या ध्वनींची नियमित जुळणी पाहून तो मांडलेला आहे. संस्कृत ‘स्व’ही त्याच कुळातला. ‘आत्मन्’चं कूळ वेगळं: श्वास घेण्याच्या जर्मन क्रियापदाशी, ‘आटमेन’शी, त्याचं नातं जुळतं. प्राकृतात त्याचा ‘अप्पा’ झाला आणि पुढे मराठीत ‘आपण’ नि ‘आपला’ आले. म्हणजे ‘आपला माणूस’ म्हणताना आपण नकळत ‘आत्मन्’च वापरतो.

पण मूळ कळलं म्हणजे अर्थ कळला, असं नाही. ‘स्वयंपाक’ म्हणजे स्वतः रांधणं; तरी पंगतीसाठी आचाऱ्यानं केला तरी तो स्वयंपाकच. आयुर्वेदातला ‘स्वस्थ’ निरोगी असतो, तर ‘स्वस्थ बस’ म्हणणाऱ्या आईला पोराच्या प्रकृतीविषयी काही म्हणायचं नसतं. सतराव्या शतकात ‘सेल्फ-कॉन्शस’ म्हणजे स्वतःचं भान असलेला. एकोणिसाव्या शतकात त्याला अवघडलेपणाची छटा चिकटली.

असे बदल तर्कानं नव्हे, पुराव्यानं ठरतात: कोणत्या ग्रंथात, कोणत्या काळी, कोणत्या अर्थानं शब्द आला, याच्या नोंदींनी. पुण्यात येरवड्याच्या डेक्कन कॉलेजात हेच काम चालतं. डॉ. सु. मं. कत्रे यांनी १९४८मध्ये संस्कृतच्या ऐतिहासिक कोशाचा प्रकल्प हाती घेतला. ऋग्वेदापासूनच्या सुमारे १,५०० ग्रंथांतून कोटीच्या घरात चिठ्ठ्या जमल्या. पहिला खंड सत्तरच्या दशकात निघाला आणि पहिले ३५ खंड एकट्या ‘अ’नं घेतले. ‘आत्मन्’ त्यानंतरचा, ‘स्व’ तर वर्णमालेच्या शेवटाकडचा. त्यांच्या चिठ्ठ्या तयार आहेत. संपादनासाठी अजून काही पिढ्या लागतील.