मॉडेल विमानाच्या इंजिनाची थरथर : कारणे आणि उपाय

रेडिओवर चालणारे मॉडेल विमान कोसळले की दोष दोघांपैकी एकाला दिला जातो : रेडिओला, नाहीतर उडवणाऱ्याच्या हाताला. पण पडलेले विमान उघडून पाहिले तर पुष्कळदा वेगळेच दिसते. सर्व्होचा एखादा स्क्रू गळालेला असतो, बॅटरीची पिन निसटलेली असते, नाहीतर इंजिन धरणाऱ्या लाकडी पाटीला तडा गेलेला असतो. या सगळ्यामागे इंजिनाची थरथर असू शकते. आपल्या मंडळातील काही मुले आता शिकाऊ विद्युत विमानांवरून इंजिनाच्या विमानाकडे वळत आहेत. एनसीसीच्या एअर विंगमध्ये एरोमॉडेलिंग शिकलेली मुलेही आहेत. त्यांच्यासाठी आणि त्यांच्या पालकांसाठी ही माहिती देत आहोत.

थरथर येते कुठून?

या विमानांत बहुधा एकाच सिलिंडरचे छोटे ग्लो इंजिन असते. त्यात पिस्टन वर जाऊन थांबतो, उलटा फिरतो, खाली येऊन पुन्हा थांबतो. अशा प्रत्येक वेळी इंजिनाला हिसका बसतो. तो कमी करण्यासाठी क्रँकला उलट बाजूने वजन दिलेले असते. पण हे वजन गोल फिरते आणि पिस्टन मात्र फक्त वर-खाली जातो, त्यामुळे हिशेब पूर्ण जुळत नाही. वजन वाढवले तर वर-खालीचा हिसका कमी होतो, पण आडवा हिसका वाढतो. म्हणून बनवणारा मधला मार्ग काढतो आणि थोडी थरथर शिल्लक राहतेच.

गावाकडे विहिरीवर एका सिलिंडरचे डिझेल इंजिन ज्यांनी पाहिले आहे त्यांना हे नवीन नाही. किर्लोस्कर ऑइल इंजिन्स १९४६ साली पुण्यात सुरू झाली आणि तिची इंजिने शेतोशेती पोचली. ते इंजिन काँक्रीटच्या ओट्यावर जाड बोल्टने आवळलेले असते, म्हणून त्याचे हिसके जमीन पचवते. विमानाला असा ओटा नसतो. सगळे मिळून वजन अडीच-तीन किलो, तेही हलक्या बाल्साच्या लाकडाचे. तिथे हिसका मुरायला जागाच नाही.

एक ग्रॅमची किंमत

पिस्टनचा हिसका आपल्या हातात नाही. पंख्याचा, म्हणजे प्रोपेलरचा, तोल मात्र पूर्णपणे आपल्या हातात आहे. समजा पंख्याचे एक पाते दुसऱ्यापेक्षा एका ग्रॅमने जड आहे आणि तो जादा ग्रॅम मध्यापासून १० सेंटीमीटरवर आहे. मिनिटाला १०,००० फेऱ्यांना तो एक ग्रॅम इंजिनाला सुमारे ११ किलोच्या जोराने बाहेर ओढतो. म्हणजे अख्ख्या विमानाच्या वजनाच्या जवळजवळ चौपट! आणि ही ओढ प्रत्येक फेरीबरोबर दिशा बदलते, सेकंदाला सुमारे १६७ वेळा. दहा मिनिटांच्या उड्डाणात एक लाख फेऱ्या होतात. स्क्रू सैल होतात यात नवल ते काय?

हा जोर फेऱ्यांच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. फेऱ्या निम्म्या केल्या की जोर चौथ्या हिश्श्यावर येतो. म्हणूनच जमिनीवर हळू चालणारे इंजिन शांत वाटते आणि थ्रॉटल पूर्ण उघडल्यावर सगळे विमान थरथरते.

आधी तोल, मग पकड, शेवटी रबर

सायली, मसाट, रखोली या पट्ट्यातील कारखान्यांत मेंटेनन्सला असणाऱ्या सभासदांना हा क्रम पाठ असेल. ब्लोअर हादरू लागला तर कोणी आधी त्याच्याखाली रबराचे पॅड घालत नाही. आधी पंखा तपासायचा, मग पायाचे बोल्ट, त्यानंतर पॅड. विमानालाही हाच क्रम लागू आहे. नवशिके मात्र रबरापासून सुरुवात करतात आणि मूळ दोष झाकला जातो.

तोल : पंख्याच्या भोकात घट्ट बसणारी सरळ, गुळगुळीत सळई घाला आणि ती एकाच पातळीत ठेवलेल्या दोन काचेच्या ग्लासांच्या कडांवर टेकवा. जड पाते खाली जाईल. त्या पात्याची पाठ बारीक पॉलिश पेपरने थोडी थोडी घासा आणि दर वेळी पुन्हा तपासा. पात्याची पुढची कड आणि आकार बिघडवू नका. पाती आडवी स्थिर राहू लागली की पंखा उभा करून पाहा. तो एका बाजूला कलला तर मधल्या गाठीची एक बाजू जड आहे. हलक्या बाजूला एपॉक्सीचा थेंब लावून ती सारखी करता येते. स्पिनरही असाच तपासावा. इथल्या दमट पावसाळ्यात लाकडी पंखा ओल धरतो, म्हणून पावसाळ्यानंतर तो पुन्हा तोलावा.

पंख्याचे भोक इंजिनाच्या दांड्यापेक्षा मोठे असेल तर योग्य मापाची कडी घाला. तोललेला ३० ग्रॅमचा पंखा मध्यापासून अर्धा मिलिमीटर सरकून बसला, तरी त्याच १०,००० फेऱ्यांना दीड किलोहून अधिक ओढ तयार होते.

पकड : इंजिनाचा माउंट ज्या प्लायच्या पाटीवर बसतो तिला फायरवॉल म्हणतात. तिचे सांधे एपॉक्सीने पक्के हवेत आणि बोल्टसाठी मागून काटेरी नट बसवलेले हवेत. बोल्ट समोरासमोरचे आळीपाळीने आवळावेत आणि पहिल्या उड्डाणानंतर पुन्हा पाहावेत. धातूवर धातू बसतो तिथे निळे, म्हणजे सोडवता येणारे थ्रेड लॉकर लावावे. प्लास्टिकला ते लावू नये, काही प्लास्टिकना त्याने तडे जातात. इंधनातील मिथेनॉल आणि एरंडेल तेल लाकडात झिरपून ते मऊ करतात, म्हणून फायरवॉलवर पातळ एपॉक्सीचा हात जरूर द्यावा.

रबर : आता जी थरथर उरली ती नाजूक भागांपर्यंत पोचू द्यायची नाही. इंधनाची टाकी मऊ फोममध्ये बसवावी, ती लाकडाला टेकू नये. टाकी हादरली की इंधनाला फेस येतो, नळीत हवा जाते, इंजिन तापते आणि हवेतच बंद पडते. रिसीव्हर आणि बॅटरी फोममध्ये सैलसर गुंडाळावी, कारण करकचून बांधलेला फोम दगडासारखाच असतो. सर्व्होसोबत येणारे रबर आणि पितळी बाही दोन्ही वापरावेत. स्क्रूने रबर चेपून टाकू नये. इंजिनासाठी रबरी माउंटही मिळतात. पण फार मऊ माउंटवर इंजिन कमी फेऱ्यांना डुलते, म्हणून ते इंजिनाच्या वजनाला साजेसेच घ्यावे.

ठरावीक वेगालाच थरथर वाढली तर?

उभ्या एसटीच्या काचा खडखडतात आणि गाडीने वेग घेतला की गप्प होतात, हे आपण सगळ्यांनी अनुभवले आहे. इंजिनाचे हिसके आणि काचेची स्वतःची डुलण्याची गती जुळली की खडखडाट वाढतो. विमानाच्या शेपटीचे किंवा पंखांचेही असेच होते. इंजिन चालू असताना एखाद्या वेगाला शेपटीची कड धूसर दिसू लागली तर तो भाग जुळणीत सापडला आहे. अशा वेळी शेपटीचा आधार पक्का करावा किंवा वेगळ्या मापाचा पंखा लावून फेऱ्या बदलाव्यात. त्या वेगावर विमान फार वेळ ठेवू नये.

मुलांसोबत मैदानावर

तडा गेलेला किंवा टवका उडालेला पंखा तोलून वापरू नये, मोडून टाकावा. सुटलेले पाते बंदुकीच्या गोळीसारखे जाते. इंजिन चालू असताना पंख्याच्या रेषेत, डावी-उजवीकडे, कोणीही उभे राहू नये. विमान मोठ्या माणसाने मागून धरावे, डोळ्यांना चष्मा असावा आणि इंजिनातले फेरफार पंख्याच्या मागे राहूनच करावेत. उडवण्यापूर्वी डिजिटल स्कायच्या नकाशावर जागा हिरव्या पट्ट्यात आहे ना, हेही पाहावे.

दर उड्डाणानंतर दोन मिनिटे काढून पंख्याचा नट, माउंटचे चार बोल्ट, सर्व्होचे स्क्रू आणि बॅटरीची पिन हाताने चाचपावी. तोच स्क्रू पुन्हा पुन्हा सैल होत असेल तर नुसता आवळून थांबू नये. पंखा काढून पुन्हा तोलावा.